आतली कड

शर्यत संपल्यावर माझी मुलगी माझ्या बुटावर ओकली आणि मी पाय मागे घेतला. एवढंच झालं. पण मी पाय मागे घेतला आणि नेमकं तेव्हाच तिने वर पाहिलं. तिच्या हनुवटीवरून लाळ लोंबत होती, नाक वाहत होतं, हात गुडघ्यांवर टेकलेले होते, आणि अशा अवस्थेत तिने आधी माझा सरकलेला पाय पाहिला, मग माझ्या हातातलं स्टॉपवॉच. "किती?" तिने विचारलं. "सदतीस अठ्ठावीस," मी म्हणालो. तिने मान खाली घातली. आजूबाजूला नुसती घाण पसरली होती. पिळून टाकलेले स्पंज, अर्धवट खाऊन फेकलेली केळी, त्या गोड चिकट जेलची फाडलेली पाकिटं, आणि त्या सगळ्यावरून अनवाणी फिरणारी, एकमेकांना घामट मिठ्या मारणारी माणसं. प्लास्टिकच्या संडासांची रांग नेमकी वाऱ्याच्या तोंडाला उभी केली होती. ज्याने कोणी ती जागा निवडली त्याला नाक नसावं. माइकवरचा माणूस घसा फोडून सांगत होता की आज प्रत्येक जण विजेता आहे. त्याच्या हातातून तो माइक काढून घ्यावा असं मला फार वाटलं. मी खिशातून रुमाल काढला, आणि तो मुलीला द्यावा की आधी बूट पुसावा या विचारात मी असतानाच तिने बाहीला तोंड पुसून टाकलं.

कोच आला तो नेहमीप्रमाणे नखं कुरतडतच. त्याच्या अंगठ्याच्या कडेला रक्त साकळलेलं असतं आणि तो तोच हात पुढे करतो. "पाहिलंत?" तो मला म्हणाला, जणू ती तिथे नव्हतीच. "सरावात छत्तीस वीस. इथे सदतीस अठ्ठावीस. मी अजून काय करू, सांगा." दहा किलोमीटर. संघात यायचं तर छत्तीस पन्नासच्या आत यावं लागतं. टिटवी (तिच्या काटकुळ्या पायांवरून तिच्या आईने ठेवलेलं हे नाव आता तेविसाव्या वर्षीही तिला चिकटलेलं आहे) सकाळी तलावाभोवती एकटी पळते तेव्हा छत्तीस वीसच्या आसपास येते. मी स्वतः स्टॉपवॉच धरून उभा असतो. आणि शर्यतीत चार लोक बघायला लागले की मिनिटभराने मागे पडते. चार वर्षं हे असंच चाललंय. पहिल्या वर्षी रक्त तपासलं. लोह जरा कमी निघालं, म्हणून हिच्या आईने घरात बीट आणलं ते आजतागायत गेलेलं नाही. आमच्या ओट्यावर, बेसिनमध्ये, पुसायच्या फडक्यावर तो लालभडक डाग कायमचा बसलाय आणि तो दिसला की मी नजर वळवतो. दुसऱ्या वर्षी फुप्फुसं पाहिली, मग थायरॉइड, मग झोप, मग बूट. सगळं ठीक. तिसऱ्या वर्षी कोच म्हणाला, मैदानावर माझ्यासमोरही ती मागेच पडते, फक्त तलावावर तुमच्यासमोर पळते, म्हणजे दोष पायात नाही, डोक्यात आहे. मग एका डॉक्टरने तिला शर्यतीआधी अर्धी गोळी घ्यायला सांगितली. त्या गोळीने तिचं तोंड कोरडं पडतं आणि जीभ जड होते. कोचने संघाच्या ऑफिसमधून आणलेला एक फॉर्म माझ्या हातात दिला. 'मी माझ्या इच्छेने संघाच्या सराव गटातून बाहेर पडत आहे' असं छापलेलं होतं, खाली कारणासाठी एक ओळ रिकामी होती. "मंगळवारी दहापर्यंत सही करून द्या. तिचंही बरं होईल," तो म्हणाला, आणि पुन्हा अंगठा तोंडात घातला.

घरी येताना गाडीत मी खिडकी उघडी ठेवली होती. वास येत होता. मी काही बोललो नाही, पण खिडकी उघडी ठेवणं हेही बोलणंच असतं आणि आमच्या घरात ते सगळ्यांना कळतं. मी वजनमापांच्या खात्यात निरीक्षक आहे. सव्वीस वर्षं दुकानादुकानांत जाऊन तराजू, मापटी, पट्ट्या, पेट्रोलचे पंप तपासतोय. इतकी वर्षं हे काम केलं की माणूस माणसाकडे नीट बघू शकत नाही. समोर दूध ओतणारा दिसला की त्याचा अंगठा मापाच्या आत आहे की बाहेर हेच दिसतं. हसतमुख दुकानदार तर मला सहनच होत नाही. हसण्याच्या ओघात तराजूला बोट लावायची सवय मी शेकड्याने पाहिली आहे. आणि खरं सांगायचं तर या चार वर्षांत मी माझ्या मुलीकडेही तसंच बघायला लागलो होतो. घरी भरलेलं माप दाखवायचं आणि बाजारात काटा मारायचा. एकदा जेवताना हे मी तिला म्हणालोही. "तू काटा मारतेस." तिला वाटलं मी थट्टा करतोय आणि ती हसली, मग माझा चेहरा पाहून तिने तोंडातला घास गिळला. तिची आई नंतर भांडी घासताना म्हणाली, "अहो, पोरीशी कोणी असं बोलतं का?" मी म्हणालो, आकडे बघ आणि मग बोल. आकड्यांचं नाव काढलं की आमच्या घरात कोणी बोलत नाही. मला तो शांतपणा आवडायचा, हेही कबूल केलं पाहिजे.

दुपारभर मी बाथरूममध्ये बूट धूत बसलो. शिवणीत काहीतरी अडकलं होतं, ते जुन्या टूथब्रशने काढत होतो आणि प्रत्येक वेळी वास आला की मान वळवत होतो. लहानपणापासून मी असाच. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी मी पिऊ शकत नाही. टिटवी तान्ही असताना तिने दूध उलटवलं की मी तिला अंगापासून लांब धरून 'अगं, घे हिला' म्हणून हाक मारायचो, आणि तिची आई हसत यायची. हसण्यावारी जायचं तेव्हा. भिंतीपलीकडे टिटवीच्या खोलीतून काहीच आवाज येत नव्हता. रडत असती तर बरं झालं असतं. टूथब्रश घासता घासता माझ्या मनात आकडे फिरत होते, दुसरं काही फिरतच नाही. सदतीस अठ्ठावीस. त्याआधीच्या शर्यतीत सदतीस चाळीस, पण तेव्हा तलावावर छत्तीस बत्तीस चालू होतं. त्याआधी अडतीस पाच, आणि तलावावर छत्तीस सत्तावन्न. मी ब्रश खाली ठेवला. अडुसष्ट सेकंद, अडुसष्ट सेकंद, अडुसष्ट सेकंद. हे मला नवीन नव्हतं, वहीत सगळं माझ्याच अक्षरात होतं. पण ओकारी धुताना ते पहिल्यांदा एका ओळीत उभं राहिलं. घाबरणारं माणूस कधी जास्त घाबरतं, कधी कमी. भीती काय घड्याळ लावून येते? मला अस्वस्थ वाटलं, मग मी म्हटलं, जाऊ दे, भित्री माणसंही सवयीची असतात. आणि बूट उन्हात ठेवला.

सोमवारी सकाळी एक तारवाल्याच्या दुकानात तपासणी होती. कुंपणाची, बांधकामाची, जाडी बारीक पोलादी तार तो मीटरवर विकतो आणि माल कमी भरतो अशी तक्रार आली होती. दुकान म्हणजे एक काळोखी लांबोडी खोली, जमिनीवर वंगणाचा थर, पाय टाकला की बूट चिकटून सुटायचा. मी आदल्या दिवशीच धुतलेले बूट. तारवाला जाडा, पान्यासारख्या बोटांचा, नखांत काळं. त्याची मोजायची रीत सोपी होती. वेटोळ्याच्या बाहेरच्या अंगाने फीत गुंडाळायची, एका वेढ्याची लांबी काढायची आणि जितके वेढे तितक्याने गुणायची. मी म्हणालो, "बाहेरचा वेढा मोठा असतो. आतले वेढे लहान असतात. तुम्ही सगळ्यांना बाहेरचंच माप लावता." तो म्हणाला, "साहेब, माझी फीत तपासा. तुमच्याच खात्याचा शिक्का आहे." फीत तपासली. बरोबर होती, केसभरही फरक नव्हता. "मग मी खोटं काय केलं?" तो म्हणाला. "मोजलं ते बरोबरच मोजलं ना? आत हात घालून कोण मोजणार? आत नुसतं वंगण. हात बरबटतात, गिऱ्हाइकाच्या पावतीला डाग पडतात. बाहेरून स्वच्छ असतं." मी नोटीस लिहायला बसलो. 'फीत अचूक असूनही विक्रेता बाहेरील परीघ मोजतो व ग्राहकास मात्र आतील…' इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं. "काय झालं साहेब?" तारवाल्याने विचारलं. मला त्याचे हात दिसत होते, ती काळी नखं, आणि त्या क्षणी मला त्या माणसाची जी शिसारी आली तितकी सव्वीस वर्षांत कोणाची आली नव्हती, आणि ती त्याची नव्हती हे मला कळत होतं. "काही नाही," मी म्हणालो. "पाणी आहे का?" त्याने पेला पुढे केला. त्यावर बोटांचे ठसे होते. मी तो तसाच तोंडाला लावून रिकामा केला.

चार वर्षांपूर्वी तो तलावाचा रस्ता मीच मोजला होता. टिटवीने तेव्हा नुकतंच मनावर घेऊन पळायला सुरुवात केली होती आणि कोचला सरावाचे खरे आकडे हवे होते. मी म्हणालो, आकडे मी देतो. ऑफिसमधलं मोजणीचं चाक आणलं. लांब दांड्याला चाक असतं, ढकलत चालायचं, फिरेल तसा आकडा सरकतो. रविवारची सकाळ होती. तलावाभोवती सहा मीटर रुंद सिमेंटचा रस्ता आहे, एका बाजूला पाण्यालगतचा बुटका कठडा, दुसऱ्या बाजूला बाहेरची भिंत. पाण्याच्या बाजूने चार पावलं गेलो असेन. कठड्याच्या कडेला शेवाळ, फेस, मेलेले मासे, कुत्र्यांची विष्ठा, आणि सकाळी फिरायला येणाऱ्या सभ्य माणसांनी खाकरून टाकलेले बेडके. चाक त्यातून फिरून वर येत होतं. मी तिथेच थांबलो. पायात नवे बूट होते. मग मी रस्ता ओलांडून भिंतीच्या कडेला गेलो, चाक गवतावर पुसलं आणि तिथून मोजत पूर्ण फेरी मारली. बरोबर साडेबाराशे मीटर भरली. आठ फेऱ्यांचे दहा किलोमीटर, ना एक मीटर कमी, ना जास्त. इतका सुबक आकडा आला याचा मला केवढा आनंद झाला होता. कोच म्हणाला, तुम्ही मोजलंय म्हटल्यावर प्रश्नच नाही. टिटवी मात्र भिंतीकडेने पळत नाही. कुठलाच पळणारा तसा पळत नाही, सगळे वळणाला आतल्या कडेला चिकटतात, आणि शर्यतीचे रस्ते मोजणारेही आतल्या कडेनेच मोजतात. चार वर्षं मी तिला रोज सकाळी पाण्याच्या कडेने, त्या घाणीवरून उड्या मारत पळताना पाहत होतो. डोळ्यांनी पाहत होतो. एकदा तर तिच्या मैत्रिणीने दिलेलं मनगटी घड्याळ तिने मला दाखवलं होतं. "बाबा, हे नऊ किलोमीटर सातशेच दाखवतंय." मी म्हणालो होतो, "ते आकाशात बघून अंदाज करतं. मी जमिनीवर मोजलंय. ते काढून ठेव." तिने काढून ठेवलं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि माझ्यावर तिचा विश्वास होता.

तारवाल्याकडून मी सरळ ऑफिसात गेलो, चाक घेतलं आणि तलावावर गेलो. दुपारचे तीन वाजले होते, ऊन तापलेलं, वास सकाळपेक्षा वाईट. मी कठड्याला चाक लावलं आणि चालायला लागलो. काहीही चुकवलं नाही. एका ठिकाणी काहीतरी मऊ चाकाखाली आलं, ते मी खाली न बघता जाऊ दिलं. मला वाटत होतं की निदान आता मळमळेल, पण मळमळत नव्हतं. सगळी मळमळ आत वळली होती. एक हजार दोनशे बारा. अडतीस मीटरचा फरक. आठ फेऱ्यांना तीनशे चार. तिच्या वेगाने तीनशे चार मीटर पळायला अडुसष्ट सेकंद लागतात. हे गणित मी तोंडी केलं आणि पुन्हा एकदा कागदावर केलं, आणि मग बाकावर बसलो. तराजू दर वेळी तेवढाच चुकत असेल तर दोष मालाचा नसतो, ही गोष्ट मी खात्यात नव्याने येणाऱ्या माणसांना पहिल्याच दिवशी शिकवतो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते खाकरले आणि अगदी तब्येतीत कठड्याकडे थुंकले. मग माझ्या बुटांकडे पाहून म्हणाले, "काय हो, कुठे पाय घातलात?" मी म्हणालो, "चार वर्षांपूर्वी घालायला हवा होता तिथे." ते उठून दुसऱ्या बाकावर गेले.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा टिटवी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून कोमट पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवून होती. तिच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून सुटत आलेली आहेत. आई बाजारात गेली होती. टेबलावर तो फॉर्म होता आणि कारणाच्या ओळीवर तिने स्वतःच्या अक्षरात लिहून टाकलं होतं: 'शर्यतीच्या वेळी मानसिक दुर्बलता.' छान, वळणदार अक्षर. सही राहिली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चाक, भिंत, कठडा, साडेबाराशे, बाराशे बारा. तारवाल्याचंही सांगितलं. बूट खराब होऊ नयेत म्हणून मी रस्ता ओलांडला हेही सांगितलं. ती ऐकत होती. पाण्यात पायाची बोटं हलवत होती. मी थांबल्यावर ती म्हणाली, "बाबा, राहू द्या."

"काय राहू द्या?"

"तुम्हाला हे जमत नाही," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई बोलली असती तर मी समजू शकले असते. तुम्ही कधी खोटं बोलत नाही ना, त्यामुळे लगेच कळतं. काल पाय मागे घेतलात म्हणून तुम्हाला वाईट वाटलंय. एवढी गोष्ट रचलीत. तारवाला वगैरे." ती हसली. "पण मला बरं वाटलं. खरंच. तुम्ही माझ्यासाठी असं काही कराल असं मला कधी वाटलं नव्हतं." आणि तिने पाण्यातला ओला हात काढून माझ्या मनगटावर ठेवला. त्या पाण्यात तिच्या नखांतलं रक्त मिसळलेलं होतं. मी हात मागे घेतला नाही. किती वेळ आम्ही तसे होतो कोण जाणे. तिची आई पिशवी घेऊन आत आली, आम्हाला तसं पाहून दारातच थांबली आणि पाय न वाजवता परत बाहेर गेली.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना मला स्वतःच्या तोंडात थुंकल्यासारखं वाटतं. मी गप्प बसलो. तो हात मला आवडला. इतक्या वर्षांत मुलीने आपण होऊन मला हात लावला नव्हता, आणि इथे एका वाक्यात मी चांगला बाप झालो होतो. मला फक्त आणखी काही न बोलता बसायचं होतं. तिचा विश्वास बसला नाही, यात माझा काय दोष? मी तर सांगून मोकळा झालो होतो. ती उद्या सही करेल, पळणं सोडेल, कुठेतरी नोकरीला लागेल, आणि आयुष्यभर समजेल की आपण भित्र्या आहोत पण आपला बाप मनाने चांगला आहे. अशी विक्री करणारे मी पाहिले आहेत. माल कमी देतात आणि वर दोन गोड शब्द घालतात, आणि गिऱ्हाईक आशीर्वाद देत जातं. जेवताना तिने मला वाढलं. "बाबा, अजून घ्या ना," म्हणाली. मी अजून घेतलं. खाल्लंही. रात्री झोप मात्र चांगली लागली, ही त्यातली सगळ्यात किळसवाणी गोष्ट.

पहाटे जाग आली ती कूस बदलताना तिने हात ठेवलेलं मनगट गालाला लागलं म्हणून. मी उठलो, ऑफिसच्या पिशवीतला तीस मीटरचा पोलादी टेप काढला आणि तिच्या दारावर थाप मारली. "चल," मी म्हणालो. "मी आता पळत नाही, बाबा," ती आतून म्हणाली. "पळायचं नाही. टोक धरायचं." ती आली, बहुधा माझं मन मोडायला नको म्हणून. तलावावर नुकतं उजाडत होतं. मी कठड्याशी गुडघे टेकले, सरळ त्या चिखलात, आणि टेपचं शून्य जमिनीला दाबून धरलं. "तीसवर खडूची रेघ मार," मी म्हणालो. "प्रत्येक रेघ तूच मार. आकडा तूच मोज. मी एक शब्द बोलणार नाही." पहिल्या पाच-सहा वेळा ती कौतुकाने माझ्याकडे बघत होती, म्हाताऱ्या माणसाच्या हट्टाकडे बघतात तशी. "बाबा, तुमची पँट," असंही म्हणाली. दहाव्या रेघेनंतर ती बोलेनाशी झाली. विसाव्यानंतर तीही गुडघ्यांवर बसून टेप ताणायला लागली. शेवाळ, बेडके, माशाचे खवले, सगळं तिच्या हाताला लागत होतं आणि ती तिकडे बघतही नव्हती. चाळीस वेळा टेप टाकून झाला. उरलेला तुकडा तिने स्वतः वाचला. "बारा," ती म्हणाली. मग ती खडूने सिमेंटवर गणित करायला लागली. खाली वाकून, केस तोंडावर येऊ देत, तिने आकडे मांडले, पुसले, परत मांडले. 

"सदतीस अठ्ठावीस," ती म्हणाली. "परवाचंच."

"हो."

"आणि त्याच्या आधीचं पण."

"सगळीच. मी ताडून पाहिलीत."

ती कठड्यावर बसली. "म्हणजे मी छत्तीस वीसची नव्हतेच कधी."

"नव्हतीस."

"आणि एकदाही कमी पळले नाही."

"नाही. एकदाही नाही."

ती पाण्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती रडेल, किंवा माझ्यावर ओरडेल. ती अर्धी अर्धी गोळी, ते डॉक्टर, ते गिळलेले घास, सगळं आता माझ्या अंगावर येईल, आणि त्यासाठी मी तयार होतो, जवळजवळ वाट बघत होतो. ती उठली आणि रस्ता ओलांडून भिंतीकडे गेली. "आता इथून मोजू," ती म्हणाली. मी विचारलं, कशाला. "मला बघायचंय." मग आम्ही भिंतीकडेनेही पूर्ण फेरी मोजली. तिथलं सिमेंट कोरडं आणि स्वच्छ होतं. एक्केचाळीस वेळा टेप टाकला आणि वर वीस मीटर. बाराशे पन्नास, बरोबर. "तुमचं माप बरोबर होतं," ती म्हणाली. कुत्सितपणे नाही. तपासणीनंतर दुकानदाराला पावती द्यावी तसं. "फक्त तिथून कोणी पळत नव्हतं."

फिरायला येणारी माणसं जमायला लागली होती आणि चिखलाने माखलेल्या बापलेकीकडे बघून वाट बदलत होती. टिटवीने दहाच्या आत द्यायचा म्हणून खिशात घेतलेला फॉर्म काढला, चार घड्या घातल्या आणि फाडला. मग बुटांच्या नाड्या आवळल्या. "आधी सदतीस वीस करून बघते," ती म्हणाली. तिचा चेहरा मोकळा झाला होता, चार वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता, आणि मी काहीतरी चांगलं बोलायला तोंड उघडलं.

"पुढच्या शर्यतीला तुम्ही येऊ नका, बाबा," ती म्हणाली. "आई येईल."

"आईला घड्याळ लावता येत नाही," मी म्हणालो.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि पळायला लागली.